आजीचे आयुष्य लिहायचे आहे: नोकरी कागदावर सापडते, शेती सापडत नाही

दर्यापूरची नात

नमस्कार. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, आता नव्वदीच्या पुढे आहे. घरातल्या लहान मुलांनी तिला केवळ ओसरीत खाटेवर बसलेली पाहिले आहे. त्यांच्यासाठी तिचे आयुष्य नीट लिहून ठेवावे असे मनात आहे. मराठी सातवी झाल्यावर नॉर्मल स्कूल (म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण) करून ती १९५० नंतरच्या दशकात जनपद सभेच्या, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या, प्राथमिक शाळेत लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तीच नोकरी परिषदेकडे आली, आणि वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण होईपर्यंत तिने आजूबाजूच्या गावांतच शिकवले. लग्न होऊन ती दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेल्या भागातल्या, गावी आली. तिथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिकालाही चालत नाही आणि त्यात डाळही शिजत नाही. त्यामुळे घरची शेती कायम कोरडवाहू राहिली: कपाशी, तूर, ज्वारी, मूग आणि मूग निघाल्यावर हरभरा.

अडचण अशी आहे की तिच्या नोकरीच्या खुणा जागोजागी सापडतात, पण शेतीतल्या तिच्या कामाची एकही खूण कागदावर नाही. सातबाऱ्यावर आधी पणजोबा, मग आजोबा आणि नंतर वडील व काका अशी नावे आहेत. वास्तविक पेरणीच्या दिवसांत शाळेत जाण्याआधी सरकी शेणमातीत चोळून ठेवणे, सुटीच्या दिवशी तिफणीमागे सरता (बी सोडायची नळी) धरून तुरीचे बियाणे सोडणे आणि दिवाळीची सगळी सुटी वेचणीत घालवणे हे तिने नोकरीची सर्व वर्षे केले, असे गावातली जुनी माणसे सांगतात. तिला स्वतःला विचारले तर शाळेविषयी ती तासन्‌तास बोलते, आणि शेतीचा विषय काढला की, "वावराचं काय सांगू, ते त घरचंच काम होतं," एवढे बोलून गप्प होते.

आपल्यापैकी कोणी घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे असे चरित्र लिहिले असल्यास, कागदपत्रे कुठे शोधावीत, तिच्याशी बोलावे कसे, आणि शाळा व शेती या दोन्ही गोष्टी एका कथनात कशा आणाव्यात, याविषयी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निवृत्त केंद्रप्रमुख

आपला विचार स्तुत्य आहे. शाळेच्या बाजूने काय मिळू शकते ते मी सांगतो, कारण माझे सारे आयुष्य त्याच दप्तरात गेले.

पहिला कागद म्हणजे सेवापुस्तिका. निवृत्तिवेतनाचे प्रकरण करताना तिची दुय्यम प्रत बहुतेक शिक्षकांनी घरी ठेवलेली असते, आणि ती लोखंडी पेटीत, बँकेच्या पासबुकांच्या खाली सापडण्याचा संभव अधिक. घरी नसेल तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी अर्ज करावा, आणि तो लवकर करावा, कारण जुने अभिलेख ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. सेवापुस्तिकेत नेमणुका, बदल्या आणि वेतनवाढी असतातच, पण तुमच्या कामासाठी रजांचा हिशेब अधिक मोलाचा आहे. प्रसूती रजांवरून मुलांच्या जन्माचा काळ निश्चित होतो. अर्जित किंवा बिनपगारी रजा कोणत्या महिन्यात पडल्या आहेत ते पाहिले, तर घरी आजारपण, लग्नकार्य की हंगाम होता याचा अंदाज बांधता येतो.

दुसरे म्हणजे शाळेतले दप्तर. दाखल-खारीज रजिस्टर कायमस्वरूपी जपायचे असते, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी शाबूत आहे. त्यातल्या जन्मतारखा मात्र जपून घ्याव्यात. आई-वडिलांना तारीख सांगता येत नसे, तेव्हा शिक्षक अंदाजाने वर्ष धरून १ जून किंवा १ जुलै अशी तारीख घालत, आणि आजींची स्वतःची जन्मतारीखही तशीच पडलेली असू शकेल. जुन्या शाळांत शेरेपुस्तकही सापडते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने वर्गाविषयी स्वतःच्या हाताने लिहिलेले दोन-चार शब्द त्यात वाचायला मिळतात, आणि ते कधी कधी फार कठोर असतात. तेही वगळू नये.

जुनी हजेरीपत्रके मिळाली तर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे. आपल्या भागात पोळ्याच्या आगेमागे मुगाच्या शेंगा तोडणीला येतात आणि दिवाळीनंतर कपाशीची वेचणी भरात असते. या दोन्ही काळांत हजेरी खाली येई, आणि आधी गळत त्या मुली. शिकवणारी बाई स्वतः शेतकऱ्याच्या घरची असेल तर मुले कुठे आहेत हे तिला विचारावे लागत नसे. माझ्या ओळखीच्या एक बाई वेचणीच्या दिवसांत मुलींना निदान पहिले दोन तास तरी शाळेत बसवीत आणि मग स्वतःच त्यांना शेताच्या वाटेला लावीत. नियमात हे बसत नव्हते, परंतु त्या मुली चौथी पास झाल्या.

बोलताना सालांऐवजी शाळेतल्या बदलांच्या आधाराने विचारावे. १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलोग्रॅम आले, तेव्हा प्राथमिक शिक्षकांना ते मुलांबरोबर गावातल्या मोठ्या माणसांनाही समजावून सांगावे लागले. बालभारतीची पाठ्यपुस्तके १९६८ पासून आली. १९७७-७८ चा चौपन्न दिवसांचा संप तर कोणताही शिक्षक विसरलेला नाही. त्या काळात पगाराविना घर कशावर चालले, हे जरूर विचारा. शेतीची गोष्ट तिथून आपोआप सुरू होईल.

जुने दप्तर

मी महसूल खात्यात होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूचे सांगतो. सातबाऱ्यावर आजींचे नाव नाही म्हणून तो कागद बाजूला ठेवू नका. नाव आजोबांचे असले तरी त्यातले पेरेपत्रक, म्हणजे गाव नमुना बारा, तुम्हाला दरवर्षी कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर होते ते सांगते. तलाठी प्रत्येक वेळी बांधावर जाऊन ते भरत असे असा माझा दावा नाही. तरीही ज्वारीचे क्षेत्र कधी घटले आणि कपाशीचे कधी वाढले एवढे त्यावरून नक्की दिसते. जुने उतारे व फेरफार आता 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे मिळतात, अन्यथा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल मागावी. त्याआधीच्या काळासाठी १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहावेत, आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या कोतवालाकडची नोंदवही. आजींच्या माहेरच्या गावची कोतवाल पंजी सापडली तर खरी जन्मतारीखही हाती लागू शकेल.

सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते इतर हक्कांच्या रकान्याकडे. सोसायटीच्या कर्जाचा बोजा कधी चढला आणि कधी उतरला हे तिथे फेरफार क्रमांकासह असते. पीक बुडालेल्या वर्षाच्या पाठोपाठ बोजा उतरलेला दिसला, तर तो पैसा शेतातून आलेला नाही हे उघड आहे. नोकरदार बाई असलेल्या घरांत तो बहुधा तिच्या पगारातून किंवा भविष्य निर्वाह निधीच्या अग्रिमातून आलेला असे. सेवापुस्तिका, निधीचे खाते आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवून वाचा. सातबाऱ्यावर ज्या बाईचे नाव नाही, तिच्या पगारावर ती जमीन घरात टिकली असेल तर ते अशा वाचनातूनच सिद्ध होते.

कोरडवाहू

ताई, मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यात शेती करते आणि माझ्या सासूबाईंच्या आठवणी मी लिहून घेतल्या आहेत. वरील दोन्ही काकांनी कागदांविषयी सांगितले ते योग्यच आहे, परंतु आजी "घरचंच काम" म्हणून गप्प होतात त्याला कागद उपयोगी पडणार नाहीत. समोर वही घेऊन बसू नका. तुरीच्या शेंगा सोलायला घ्या, किंवा अंबाडीची भाजी निवडायला त्यांच्यासमोर ठेवा आणि हात चालू असताना विचारा. "तुम्ही शेतीत काय करत होता?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "नाल्याकाठच्या वावरात कपाशीला डवरे किती वेळा द्यावे लागत आणि निंदणाला बाया कोण आणत असे?" या प्रश्नाला येते. बैलजोड्यांची नावे विचारा. आमच्या सासूबाईंना एकही साल आठवत नव्हते, पण कोणती जोडी कोणत्या बाजारातून आली आणि कोणती कोणत्या लग्नासाठी विकली हे ओळीने पाठ होते, आणि त्यावरूनच आम्ही चाळीस वर्षांचा क्रम लावला.

वेचणीविषयी सविस्तर विचारा, कारण बाईचे शहाणपण तिथे दिसते. सकाळी दवात वेचले तर कापूस ओला येतो आणि गंजीत तापतो, आणि ऊन चढल्यावर वेचले तर वाळलेली पाने चुरून रुईला चिकटतात. कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळ्या फडक्यात ठेवली नाही तर सगळ्या गाडीचा भाव पडतो. बोंडाच्या वाळलेल्या नख्यांनी बोटांची टोके फाटतात, आणि सुटी संपल्यावर त्याच बोटांनी तुमच्या आजीने खडू धरला असणार. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची शेतातली पूजा, कोण करत असे, पहिली वेचणी कोणाच्या हातची, हेही विचारून ठेवा. त्यावरून घरात मान कोणाचा होता ते कळते.

आणि पैशाविषयी विचारायला संकोच करू नका. १९७२ च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी (म्हणजे फक्त सरकारनेच घ्यायची) सुरू झाली, तेव्हा कापूस सरकारी केंद्रावर घालायचा, ग्रेडर ठरवील ती प्रत मान्य करायची आणि चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहायची अशी रीत होती. गाड्या रात्र रात्र रांगेत उभ्या राहत आणि चुकारा हाती यायला विलंब होई. ज्या घरात महिन्याला पगार येत होता त्या घराला तेवढा काळ सावकाराकडे जावे लागले नाही. त्याच सुमारास एच-४ हे संकरित वाण आले. सुरतच्या केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ते १९७० मध्ये विकसित केले होते आणि पुढे आपल्या कोरडवाहू भागातही ते पसरले. संकरित वाणाची सरकी घरी राखून चालत नाही, बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि खत-फवारणीही वाढते. म्हणजे आजींच्या नोकरीच्या पहिल्या काळात शेतीला पगाराची गरज कमी होती आणि पुढे ती वाढत गेली. त्यांचा पगार कोणाच्या हातात पडत असे आणि त्यातले स्वतःसाठी काय उरत असे, हा प्रश्न शेवटी ठेवा, आणि त्या वेळी घरातले पुरुष समोर नसावेत हे पाहा.

नागपूरकर वाचक

इथपर्यंतची चर्चा उपयुक्त आहे, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट अशी की, आजींची शेती कागदावर नाही याला केवळ सातबारा कारण नाही. जनगणनेतही तेच घडले आहे, आणि तिथे आपल्या आजींची भूमिका वेगळी असण्याची शक्यता आहे. १९६१ च्या जनगणनेत हंगामी काम करणाऱ्यालाही काम करणारा धरण्याची व्याख्या सैल होती. १९७१ मध्ये मुख्य व्यवसाय कोणता असे विचारले गेले, आणि 'घरकाम' असे उत्तर आलेल्या लाखो शेतकरी स्त्रिया काम न करणाऱ्यांत गेल्या. देशभर स्त्री-कामगारांची संख्या कागदावर एकदम घटली ती त्यामुळे. १९८१ मध्ये मुख्य आणि सीमांत असे दोन प्रकार केले गेले, आणि १९९१ च्या प्रश्नातच शेतीवरील किंवा घरच्या व्यवसायातील बिनमोल काम धरावे असे शब्द घातले गेले. आता, गावोगावी ही गणना प्रामुख्याने प्राथमिक शिक्षकच करत होते. म्हणजे आजी प्रगणक असतील तर त्यांनी गावातल्या कितीतरी बायांची नोंद 'घरकाम' अशी स्वतःच्या हाताने केलेली असेल, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी तो कागद कोणी भरला, त्यात त्यांच्यापुढे काय लिहिले, हे विचारण्यासारखे आहे. शिक्षिका म्हणून त्या कामगार ठरल्याच असतील, पण त्यांच्या सासूबाई?

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. अशी चरित्रे लिहिताना 'कष्टाळू माऊली' हा साचा इतका तयार असतो की लेखणी आपोआप त्यात उतरते. ज्या बाई दिवसा शाळेत होत्या त्यांच्या मुलांना कोणी सांभाळले? त्यांच्या शेतातली बहुतांश वेचणी आणि निंदण रोजंदारीवरच्या बायांनी केले असणार, आणि सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचे) कुटुंब गोठ्याशेजारी राहिले असणार. कापसाचा तराजू संध्याकाळी कोणाच्या हातात होता? मास्तरीणबाई हिशेबात पक्क्या होत्या, हे कौतुक घरात सांगितले जाते, पण मजूर बाया त्याच गोष्टीविषयी काय सांगतील? त्यांच्यापैकी कोणी हयात असल्यास त्यांच्याशी बोलल्याशिवाय हे लेखन पूर्ण मानू नये असे माझे मत आहे.

कोरडवाहू

आपला दुसरा मुद्दा मला मान्य आहे, मात्र त्यातला सूर मान्य नाही. पगारी नोकरी करून, घरी येऊन चूल पेटवून, सुटीत वेचणी करणाऱ्या बाईला आधी मालकीण ठरवायचे आणि मग तिचा तराजू तपासायचा, हे शहरात बसून सोपे आहे. ती मालकीण होती का, हाच तर या ताईंचा प्रश्न आहे. जमीन तिच्या नावावर नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला महिलांचे अधिवेशन घेतले आणि पुढे १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा आमच्या भागातल्या काही गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. तोपर्यंत बहुतेक घरांत हा विषय निघालाही नव्हता. ताई, तुमच्या गावात ती मोहीम पोहोचली होती का आणि तुमच्या आजोबांनी तेव्हा काय केले, हे विचारा. मजूर बायांशी मात्र अवश्य बोला.

दर्यापूरची नात

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे काही गोष्टी करून पाहिल्या.

सेवापुस्तिकेची प्रत घरीच निघाली. रजांच्या पानावर, काकांच्या जन्माच्या वेळची रजा संपल्यावर, लागूनच बिनपगारी रजा आहे आणि ती नेमकी वेचणीच्या काळातली आहे. आजीला हे दाखवल्यावर ती म्हणाली की त्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मजुरांवर लक्ष ठेवायला दुसरे कोणी नव्हते. शेतीचा विषय तिने स्वतःहून काढल्याचे मी प्रथमच ऐकले. त्यानंतर शेंगा सोलता सोलता तिने बरेच सांगितले. कापसाचा हिशेब ती सवाकी, दीडकी आणि अडीचकी वापरून तोंडी करत असे. आम्हा नातवंडांना तिने हे पाढे का घोकायला लावले ते आता समजले, कारण आमच्या शाळेत ते कोणी विचारत नव्हते. संपाच्या काळात घरची ज्वारी आणि हरभरा यांवर भागले, आणि दोन शिक्षक कुटुंबांना तिने धान्य उधार दिले, तेही त्यांनी नंतर परत केले.

सातबाऱ्यावर बोजा उतरल्याची एक नोंद निधीच्या अग्रिमाच्या महिन्याशी जुळते. आजोबांनी ते पैसे मागितले होते की तिने आपण होऊन दिले, या प्रश्नावर ती हसली आणि उत्तर दिले नाही. लक्ष्मीमुक्तीविषयी तिने ऐकले होते, पण आमच्या घरात कोणाचेही नाव चढले नाही.

नागपूरकर वाचकांच्या सूचनेवरून आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या एका आजीबाईंना भेटले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माझी आजी वजनात कधी मारत नसे, मात्र कवडी किंवा केरकचरा सापडला तर सर्वांसमोर बोलत असे, आणि शाळेतल्यासारखे बोलत असे, हे त्यांना अजून लागून राहिलेले आहे. त्यांची थोरली मुलगी आजीच्याच शाळेत होती आणि तिसरीतच तिची शाळा सुटली. हे मी जसेच्या तसे लिहिणार आहे. घरात त्यावर नाराजी होईल, पण माझ्या मते ते वगळले तर बाकीच्यावरही कोणी विश्वास ठेवू नये.

रचना अजून ठरली नसली तरी वर्षांऐवजी हंगामांच्या क्रमाने लिहावे असे वाटू लागले आहे: पेरणीपासून सुरुवात करून, त्या त्या महिन्यात शाळेत काय चालले होते ते सोबत घेऊन. एक शंका केंद्रप्रमुख काकांना विचारते. शाळेतले दाखल-खारीज रजिस्टर पाहू देतील का, आणि त्याची छायाचित्रे घेता येतील का?

निवृत्त केंद्रप्रमुख

रजिस्टर शाळेबाहेर नेता येत नाही, परंतु मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज करून त्यांच्यासमोर पाहता येते. अर्जात आजींचे नाव, त्या शाळेतील त्यांचा कालावधी आणि आपले नाते लिहावे. छायाचित्रांना परवानगी देणे मुख्याध्यापकांवर आहे. इतर विद्यार्थ्यांची नावे व जाती त्यात असल्याने काहीजण नकार देतात आणि त्यांचे चुकत नाही. तशा वेळी हाताने टिपून घ्यावे. वार्षिक परीक्षेच्या किंवा दाखले देण्याच्या धामधुमीत जाऊ नका, दिवाळीच्या सुटीनंतरचा पंधरवडा बरा. सेवापुस्तिकेतील रुजू झाल्याच्या आणि बदलीच्या तारखा टिपून न्या, म्हणजे तेवढीच पाने उलगडावी लागतील. त्या पानांवर शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. त्या आजीबाईंच्या मुलीची नोंद तिथे असेल. कारण काय लिहिले आहे आणि अक्षर आपल्या आजींचे आहे का, ते पाहून या.